दिवाळीआधी म्हैस विकताना

प्रश्न : वडोदऱ्याजवळ माझ्या पाच सुरती म्हशी आहेत. दिवाळीआधी दोन विकायच्या आहेत. काय तयारी करू?

उत्तर : वेळ योग्य निवडलीत. म्हशी बहुधा हिवाळ्यात माजावर येतात, दहा महिने गाभण राहतात, म्हणून पावसाळा सरता सरता वितात. पहिल्या-दुसऱ्या वेताची ताजी व्यालेली म्हैस चांगला भाव आणते. मही-साबरमतीच्या पट्ट्यातली ही जात. विळ्यासारखी शिंगं आणि गळ्याखालचे दोन पांढरे पट्टे जाणकार आधी बघतो. लाळ्या-खुरकुताची लस किमान तीन आठवडे आधी टोचा, कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक नोंदीशी जुळवा. धार गिऱ्हाइकासमोर दोन्ही वेळा काढा. दूध तुंबवून कास फुगवणं मात्र नकोच. त्यानं कासदाह होतो. रेडकू आईबरोबरच द्या, नाहीतर ती नव्या गोठ्यात पान्हा चोरते.