पहिली रायफल: ‘ॲक्शन’वर पैसे घालण्याआधी

रायफल लगेच घेऊ नका. पहिले तीन-चार महिने क्लबच्या रायफलीवर काढा. स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं, तेव्हापासून ‘मुलाला कुठली रायफल घेऊ?’ असं विचारणारे पालक वाढलेत आणि दुकानदारांची जीभही सैल झालीय. स्प्रिंग, न्यूमॅटिक, पीसीपी, बोल्ट ॲक्शन, सगळं ऐकवलं जातं. त्यातलं तुमच्या कामाचं थोडंच.

कुठे जायचं? पुण्यात वारज्यातून सोयीचं ठिकाण म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातली रेंज. हायवेने चांदणी चौक, बावधन, सूस रोड करत बारा-पंधरा किलोमीटर. संध्याकाळी सहा ते आठच्या ट्रॅफिकमध्ये हेच अंतर तासाभराचं होतं, तेव्हा बॅच शक्यतो सकाळची किंवा शनिवार-रविवारची मागा. सोबत न्या: मुलाचं आधार, जन्मदाखला, पासपोर्ट फोटो, शाळेचं बोनाफाइड आणि पालकांचं संमतीपत्र. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

फी विचारताना नुसतं ‘महिन्याला किती?’ विचारू नका. त्यात लेन आहे का, रायफलीचं भाडं आहे का, पॅलेट आणि टार्गेटचे कागद कोणाचे, सिलिंडर भरायचे पैसे वेगळे का, इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा जादा आकार आहे का, हे एकेक करून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पहिल्या महिन्याची फी कमी दिसते ती बहुतेक या ‘वेगळ्या’मुळेच.

आता ॲक्शन, म्हणजे गोळी सोडणारी यंत्रणा. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पॅलेट साडेचार मिलिमीटरची. म्हणून गोळी सुटताना रायफल किती हलते, यावरच ॲक्शन पारखायची.

साधी स्प्रिंग रायफल दहा-पंधरा हजारांत मिळते. ट्रिगर दाबला की आतला पिस्टन जोरात पुढे सुटतो, आणि पॅलेट नळीत असतानाच रायफल हलते. पकड जरा बदलली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, सरकतो. सरावासाठी चालेल, पण ‘मॅच रायफल’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा. जुन्या फाइनवर्कबाऊ ३००ची गोष्ट वेगळी: तिची ॲक्शन रुळांवर मागे सरकते, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत येत नाही. तीही स्प्रिंगचीच, पण मॅचसाठी बनवलेली.

दुसरा प्रकार सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक. प्रत्येक गोळीआधी लिव्हर एकदा ओढायचा, हवा दाबली जाते, झालं. शिकंज्यात बांधून झाडली तर चांगली सिंगल स्ट्रोक रायफल आजच्या पीसीपीइतकाच ग्रुप देते. फरक हातात पडतो. मॅचच्या साठ आणि वर सायटिंगच्या वीस-तीस गोळ्या, म्हणजे ऐंशी-नव्वद वेळा लिव्हर. बारा वर्षांच्या मुलाचा खांदा चाळिसाव्या गोळीला सांगायला लागतो. तब्येतीने दणकट मुलाला आणि तंग बजेटला मात्र वापरलेली सिंगल स्ट्रोक हा उत्तम सौदा आहे. दुकानदार तो सुचवणार नाही.

तिसरा पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारची हवा, रेग्युलेटर प्रत्येक गोळीला तीच मात्रा देतो, धक्का जवळजवळ नाही. आज मॅचला हीच. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसीहोलसारख्या भारतीय कंपन्यांच्या पीसीपी तीस-चाळीस हजारांपासून सुरू होतात. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झच्या मॅच रायफली दोन लाखांच्या पुढे. वरच्या दोन-तीन ब्रँडांत अचूकतेचा फरक शोधत बसू नका. तो फरक पॅलेटमध्ये आणि मुलाला बट बसतो की नाही यात निघेल.

पॅलेटचा हिशेब आधी करा. डबीत ५०० असतात. सत्राला नव्वद धरल्या तर डबी पाच-सहा सत्रांत संपते. महिन्याला वीस सत्रं म्हणजे जवळपास चार डब्या. मॅच पॅलेट आयात होतात, भाव वर-खाली होतो. एकाच बॅचच्या घ्या, आणि आधी आपल्या रायफलीतून तीन-चार प्रकार झाडून बघा. शिवाय जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह: वाढत्या मुलाचं जॅकेट दीड-दोन वर्षांत आखूड होतं, म्हणून पहिलं वापरलेलंच घ्या.

सेकंडहँड पीसीपी घेताना आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलीच्या सिलिंडरांना साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ‘रायफल नव्यासारखी’ म्हणणारा हे सांगत नाही. नवा सिलिंडर आणि सील यांची किंमत सौद्यातून वजा करा. मागची पीप साइट किमतीत आहे का, भरायचा अडॅप्टर आहे का, फॅक्टरीचं टेस्ट कार्ड आहे का, हे बघा. मूळ बिल आणि आयातीचे कागद नसतील तर रायफल कितीही स्वस्त असो, सोडा. खेळाडूच्या सवलतीत आणलेल्या मालाला विक्रीच्या अटी असतात.

परवाना? साडेचार मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याविना घेता येते. मॅच रायफली साडेसात ज्यूलच्या आसपासच असतात. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. ती टेकडीवर किंवा सोसायटीच्या गच्चीवर कबुतरांवर चालवलीत तर गोष्ट पोलिसांत जाते, हेही मुलाला आजच सांगा.

पॉइंट टू-टू (.२२) काडतुसाच्या रायफलीचं वेगळं. पन्नास मीटरला बोल्ट ॲक्शन, तीही एकेक गोळी भरायची. सेमी-ऑटोमध्ये गोळी अडकू नये म्हणून चेंबर थोडा सैल ठेवतात आणि अचूकता तिथेच जाते. चांगल्या बोल्टमध्ये गोळी घट्ट बसते, ट्रिगर आणि ठिणगी यांतला वेळही कमी असतो. पण इथे परवाना हवा: अर्ज एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर, मंजुरी पोलीस आयुक्तांकडून, चौकशी वारजे माळवाडी ठाण्यातून. ‘मी करून देतो, इतके द्या’ म्हणणारा एजंट नको. तोवर क्लबच्या परवान्यावरची रायफल प्रशिक्षकासमोर वापरता येते, म्हणून घाईही नको.

स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नक्की करा: इव्हेंट एनआर (राष्ट्रीय नियमांचा) आहे की आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नियमांचा). कोणत्या गटात कोणती रायफल आणि साइट चालते हे प्रशिक्षकाला विचारून मगच पैसे भरा. प्रवेश फी परत मिळत नाही.