त्रास सांगणे हीसुद्धा शिस्तच



शालेय खेळांच्या आठवणी लिहून द्या, असे मला सांगण्यात आले तेव्हा खरे तर जिंकलेले सामने आठवायला हवे होते. मला मात्र आठवला तो एक अर्धवट राहिलेला सामना. पुढे सैन्यात आणि निवृत्तीनंतर शाळांमधून व्यायाम शिकवताना मी आरोग्याबद्दल बरेच वाचले, शिकलो आणि शिकवले. पण पहिला धडा त्या सामन्यात मिळाला. तो तुम्हाला रोज मैदानावर लागणारा आहे, म्हणून सांगतो.

माझे गाव गुरसराय, झाशी जिल्ह्यातले. उत्तर प्रदेशात मराठी घर कसे, असे मला नेहमी विचारतात. छत्रसाल महाराजांनी बाजीराव पेशव्यांना बुंदेलखंडातला मुलूख दिला. त्या मुलखाची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत खेर मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. पुढे ते ‘गोविंदपंत बुंदेले’ म्हणूनच ओळखले गेले. गुरसरायची जहागीरही खेर घराण्याकडेच होती. अशा सरदारांमागोमाग कारकून, पुरोहित, शिपाई अशी कितीतरी मराठी घरे तिकडे गेली आणि तिथलीच झाली. आमचे त्यांतलेच एक. घरात आजीशी मराठी, दाराबाहेर बुंदेली आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो.

खेळ मात्र एकच, हॉकी. झाशी हे मेजर ध्यानचंद यांचे गाव. त्यातून १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला आणि विजयी गोल केला तो ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी. मग काय विचारता! गावातल्या बोरी-बाभळीच्या वाकड्या फांद्या शिल्लक राहिल्या नाहीत. खऱ्या काठ्या शाळेच्या संघाकडेच होत्या, त्याही तारेने बांधलेल्या. मी दहावीत होतो आणि संघाचा कर्णधार होतो.

ती दुपार

एप्रिल संपत आला होता. शेजारच्या कसब्याच्या संघाशी सामना ठरला. पाहुण्यांना शेवटची बस गाठायची होती, म्हणून सामना दुपारी तीनला. बुंदेलखंडातली ती वेळ म्हणजे लू वाहण्याची. आमच्याकडे त्या दिवसांत माणसे खिशात कांदा ठेवून बाहेर पडत. कांदा खिशात असला की लू लागत नाही, अशी समजूत. आम्हा अकरा जणांच्या खिशांतही कांदे होते.

आमचा सेंटर फॉरवर्ड माझा जिवलग मित्र. सामन्याच्या सकाळी विहिरीवर भेटला तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले दिसले. दोन दिवस जुलाब होत होते, रात्री तापही आला होता. मला म्हणाला, “कोऊ सें कहियो नईं.” म्हणजे कोणाला सांगू नकोस. मी सांगितले नाही. त्याच्याशिवाय आपण हरणार, एवढेच माझ्या डोक्यात होते.

मध्यंतरापर्यंत तो खेळला. नंतर त्याने दोनदा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्यांना देऊन टाकला. मी ओरडलो तर तो माझ्याच अंगावर धावून आला. तो कधीही कोणाशी भांडणारा मुलगा नव्हता. मग त्याने मला विचारले, “आपला गोल कोणत्या बाजूला?” मला वाटले, चिडून बोलतोय. अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या, त्यामुळे ‘ऊन लागले’ अशी शंकाही आली नाही. पाच मिनिटांनी तो भेलकांडला आणि पडला.

सगळे भोवती गोळा झालो. कोणी नाकाला कांदा लावला. कोणी तोंडात पाणी ओतायला लागला. तेवढ्यात कडुनिंबाखाली बसलेले एक म्हातारे निवृत्त फौजी धावत आले. त्यांनी पाणी ओतणाऱ्याचा हात धरला, आम्हाला मागे सारले आणि त्याला उचलून विहिरीजवळच्या सावलीत नेऊन झोपवले. सदरा, बूट, मोजे सगळे काढले आणि बादलीमागून बादली अंगावर ओतायला सुरुवात केली. दोघांना गमछाने वारा घालायला लावले. एकाला गाडी आणायला पिटाळले, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबू दिले नाही. किती बादल्या ओतल्या ते आठवत नाही. अखेर त्याने डोळे उघडले, माझे नाव घेतले आणि विचारले, “कितने-कितने?” गोल किती झाले, हे त्याला हवे होते.

फौजी बाबांनी आमच्याकडे वळून विचारले, “काए रे, जौ कब सें बीमार हतो?”

कोणी बोलेना. मी म्हणालो, “दो दिना सें.”

“तोय पतो हतो?”

“हओ,” मी म्हणालो. होय, मला ठाऊक होते.

ते मला रागावले नाहीत. रिकामी बादली माझ्या हातात दिली आणि विहिरीकडे बोट दाखवले.

मित्र वाचला. इस्पितळातून चार दिवसांनी घरी आला, पण त्या वर्षी पुन्हा उन्हात खेळू शकला नाही. आजीला सगळे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “घरी येऊन सांगितलं असतंस, तर एक सामना गेला असता.” मग आठ दिवस ती कैरीचे पन्हे करून माझ्या हाती देत असे आणि ते मला त्याच्या घरी पोचवावे लागे. त्याची आई तांब्या घेई, मला बसायला सांगे आणि एक शब्दही दोष देत नसे. मला त्या घरात बसणे सामन्यापेक्षा अवघड गेले.

शरीरात काय घडले?

हे मला पुष्कळ वर्षांनी नीट समजले. आपण धावतो तेव्हा स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा लहान भागच हालचालीत जातो. बाकीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते आणि घाम काढते. घाम वाळला की अंग गार होते. जुलाबामुळे माझ्या मित्राच्या शरीरातले पाणी आणि मीठ आधीच कमी झाले होते. त्यात ताप. त्यात तीनचे ऊन आणि धावपळ. उष्णता तयार होत राहिली, बाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद झाली.

शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले, की तो उष्माघात. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ हे खरे नाही. दुसरी, वागणे बदलणे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण. शांत मुलगा भांडतो, हुशार खेळाडू दिशा विसरतो, बोलणे अडखळते, चाल डगमगते. हे ज्याला होते त्याला स्वतःला कळत नाही. ते शेजारी खेळणाऱ्यालाच कळू शकते.

अशा वेळी खेळ थांबवा, प्रशिक्षकांना हाक मारा, १०८ ला दूरध्वनी करायला एकाला पाठवा आणि त्याच क्षणी अंग गार करायला लागा. सावली, कपडे सैल किंवा दूर, सर्वांगावर पाणी, जोराचा वारा. बर्फ असल्यास मानेला, काखेत आणि जांघेत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी इथे उपयोगी नाही. फौजी बाबांनी पुस्तक न वाचता नेमके हेच केले होते. कांद्याचे म्हणाल, तर खिशातला कांदा काही करत नाही. आजीच्या पन्ह्यातले पाणी, मीठ आणि गूळ मात्र करते.

पाणी, मीठ आणि सवय

जुलाब झाल्यावर पाणी-मीठ-साखरेचे मिश्रण जीव वाचवते, हे १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. आज ओआरएसची पुडी सगळीकडे मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मापापेक्षा जास्त मीठ घालू नये. सरावाच्या वेळी तहान दाबून ठेवू नका आणि एकदम लोटाभर साधे पाणीही रिचवू नका. मधून मधून थोडे थोडे प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली तर पाणी कमी पडते आहे.

उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. काही आठवडे घरी सावलीत काढले की ही सवय उतरते. म्हणून सुट्टीवरून परतल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने धावण्याचा हट्ट धरू नका. ताप असताना किंवा जुलाब चालू असताना तर धावायचेच नाही. तसेच, नडगीत एकाच जागी दुखणारे हाड, रोज वाढत जाणारा गुडघा, टाचेवरचा फोड या गोष्टी लहान असतानाच दाखवा. आठवड्यात बरी होणारी दुखापत लपवली, तर महिने घेते.

लपवणारे वीर नसतात

तुम्ही म्हणाल, सैनिकाने त्रास सोसायला नको का? सोसायलाच हवा. थंडी, थकवा, भूक, कंटाळा हे सोसायचे. पण सोसणे वेगळे आणि लपवणे वेगळे. सीमेवर एखाद्याने पायाची जखम लपवली, तर अर्ध्या वाटेत त्याला उचलून न्यायला दोघे लागतात. एकाच्या लपवण्याने तिघे कमी होतात. म्हणूनच सैन्यात आपला जोडीदार कसा आहे हे पाहणे हे कर्तव्य मानतात.

ध्यानचंदांच्याच संघाचे उदाहरण घ्या. हा झाशीचा मुलगा १९२२ साली साधा शिपाई म्हणून सैन्यात गेला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला भारताचा कर्णधार झाला. तिथे स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. ‘सराव तर होता’ म्हणून ते झाकता आले असते. पण संघाने आपली कमतरता मान्य केली आणि भारतातून अली दारा यांना तातडीने बोलावून घेतले. १५ ऑगस्टला अंतिम सामना त्याच जर्मनीशी झाला. भारत ८-१ ने जिंकला. दुबळी जागा वेळेवर सांगितली, म्हणून ती वेळेवर भरून काढता आली. संघाला जे लागू, ते शरीरालाही लागू.

दोन शब्द मोठ्यांसाठी

प्रशिक्षक बंधूंनो, मुलगा आजार लपवतो तो बहुधा जागा जाण्याच्या भीतीने. ‘बरा झालास की तुझी जागा तुझी’ एवढे वाक्य आधीच सांगून ठेवले, तर निम्मी लपवाछपवी संपेल. आजाराची सबब सांगणारा एखादा निघेलही. त्याच्यासाठी नऊ खरे बोलणाऱ्यांना हसू नये. आणि पालकांनो, दूरध्वनीवर ‘निवड झाली का?’ याआधी ‘झोप कशी लागते, पोट कसे आहे?’ हे विचारा.

आजपासून करायचे

वहीत रोज चार नोंदी करा. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, झोपेचे तास, लघवीचा रंग आणि दुखणारी जागा. नाडी नेहमीपेक्षा बरीच जलद वाटली, तर त्या दिवशी धावण्याआधी सांगा. पाचवी ओळ जोडीदारासाठी ठेवा: ‘तो आज कसा आहे?’ काही वेगळे दिसले तर प्रशिक्षकांकडे जा. तो रागावेल, दोन दिवस बोलणारही नाही. ती चुगली नव्हे.

माझा तो मित्र अजून गुरसरायलाच असतो. दर एप्रिलला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पानी पी लओ?” मी ‘हओ’ म्हणतो आणि मग आम्ही त्या सामन्याचे बोलतो. गोल किती झाले होते, ते आजही आम्हा दोघांना आठवत नाही.