सुटकेआधीची स्तुती

चि. बाळ यास,


तुझं पत्र मिळालं. पावसानं ओढ दिली, मंडळीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेली, पगार थकला, आणि त्यातच एका तरुण पोराचा दफनविधी तुला करावा लागला. "उपासनेत स्तुतीचं गीत सांगताना जीभ अडखळते, हे ढोंग तर नाही ना?" असं तू विचारतोस. हा प्रश्न प्रत्येक पाळकापुढे कधी ना कधी उभा राहतोच.

प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय पुन्हा काढ आणि सावकाश वाच. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना छड्यांनी फोडून काढलं, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. जखमा अजून कुणी धुतल्या नव्हत्या. अशा मध्यरात्री ते देवाची स्तुती गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप होऊन दारं उघडली ती नंतर. सुटकेसाठीच ते गात असते, तर दारं उघडताक्षणी पळाले असते. ते जागेवरच थांबले, म्हणून कैदी पळाले असं समजून स्वतःवर तलवार उपसलेल्या बंदिशाळेच्या नायकाचा जीव वाचला. मग त्यानंच त्यांच्या जखमा धुतल्या.

सेवेत आपण इथंच चुकतो. बाकं भरली, बाप्तिस्मे झाले की आपल्या तोंडी स्तुती येते. बाकं रिकामी झाली की ती आटते. मग इतके दिवस आपण देवाची स्तुती करत होतो की आपल्या यशाची? देवाची थोरवी मंडळीच्या हजेरीवर ठरत नाही. हे मनात पक्कं झालं की पाळक निकालाच्या ओझ्याखाली मोडत नाही.

मात्र स्तुती म्हणजे दुःख गिळून हसणं, असं कुणाला शिकवू नकोस. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते उपासनेच्या ग्रंथात आहे. लाजाराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. हबक्कूक अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा असं एकेक नुकसान मोजून सांगतो आणि मगच प्रभूच्या ठायी आनंद करण्याचा निश्चय करतो. तुझ्या दुष्काळी गावाला हबक्कूकचा हा भाग वाचून दाखव. समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याच मातीतली पंडिता रमाबाई बघ. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. १९२१ साली मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमधली उपासना आणि बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. एवढं सोसलेल्या माणसाच्या स्तुतीला ढोंग कोण म्हणेल?

आता तुझ्यापुरतं सांगतो. सकाळी मागण्या मांडण्याआधी देवानं केलेल्या एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल उपकार मान, मोघम नको. शोकाच्या घरी "स्तुती करा" असं फर्मान सोडू नकोस. त्या पोराच्या माउलीजवळ बस, तिला रडू दे. तिची जीभ वळत नसेल तेव्हा तिच्या वतीनं मंडळीनं गायचं असतं. मंडळी असते ती त्यासाठीच. ऊसतोडीला गेलेली माणसं इकडे येऊ शकत नाहीत, तर तू टाळ घेऊन फडावर जा. संध्याकाळी कोप्यांपुढे बसून भजन म्हण. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांत आणली, ती भजनं अक्षर न येणाऱ्यालाही तोंडपाठ होतात.

थकलेल्या पगारासाठी अर्ज करायलाही लाजू नकोस. रात्री स्तुती गाणाऱ्या पौलानंच सकाळी रोमी नागरिकाचा हक्क सांगून अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं. स्तुती करणाऱ्यानं अन्याय मुकाट्यानं सोसावा, असं वचन कुठंही सांगत नाही.

या रविवारी चारच माणसं आली तरी पहिलं गीत स्तुतीचंच सांग. आवाज कापला तर कापू दे, पण गीत पुरं कर. ऐकणारे आहेत.

मामी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते. सूनबाईंना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा