अपूर्ण, सबब परत

(रनाळे येथील शाळेत चित्रकला शिकवून सेवानिवृत्त झालेले गुरुजी आणि ज्यांची उभी हयात तलाठ्याच्या दप्तरात गेली ते आप्पा, यांच्यातील हा संवाद. आप्पा लवकरच कोल्हापुरास जाणार आहेत.)

आप्पा : गुरुजी, आपण दिलेल्या ग्रंथातील ती फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली, पण माणसाला नाक नाही, झाडाला पान नाही आणि पाण्याला काठ नाही, असा कागद आमच्या कचेरीत दाखल झाला असता, तर ‘अपूर्ण, सबब परत’ असा शेरा मारून मी तो त्याच दिवशी माघारी धाडला असता.

गुरुजी : आपला शेरा कडक आहे, पण नवा नाही. पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाचे परीक्षक या चित्रकारांपैकी अनेकांना असेच परत पाठवीत, म्हणून मोने, रेन्वार, पिसारो, देगा, बेर्त मोरिझो आदी मंडळींनी एप्रिल १८७४ मध्ये नादार नामक छायाचित्रकाराच्या जुन्या जागेत स्वतःचे प्रदर्शन मांडले, आणि वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. तरीही १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. आठही प्रदर्शनांत चित्रे ठेवणारा एकटा पिसारो.

आप्पा : पण त्यांनी नोंदविले तरी काय?

गुरुजी : पंचनामा करताना आपण चतुःसीमा सविस्तर लिहिता आणि वेळ एका ओळीत उरकता, यांनी वेळ हाच मुख्य मजकूर मानला. मोनेने १८९०-९१ च्या सुमारास शेतातील गंजी सुमारे पंचवीस वेळा रंगविल्या, पुढे रूआँच्या चर्चचा दर्शनी भाग तीसहून अधिक वेळा. वस्तू तीच, पण ऊन, ऋतू आणि धुके पालटले की चित्रही पालटे. गंज निमित्तमात्र.

आप्पा : आणि त्या निळ्या-जांभळ्या सावल्या? सावली काळीच असते.

गुरुजी : कोणी सांगितले? नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवरून आपण असंख्य वेळा गेला असाल. वाळत घातलेल्या लाल मिरचीवर मजुरिणीची सावली पडते ती काळी नसते. ती गर्द किरमिजी असते, आकाशाची निळसर झाक तिच्यात मिसळलेली असते, आणि लुगड्यावर चढविलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर खालून मिरचीची लाली चढते. ‘सावली काळी’ हे आपण पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. या चित्रकारांनी ऐकीव पुरावा नामंजूर केला, एवढाच त्यांचा गुन्हा.

आप्पा : मग हे आधीच्यांना का साधले नाही?

गुरुजी : एक कारण अगदी व्यावहारिक आहे. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवीत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची रंगनळी काढली, तेव्हा कोठे रंग खिशात घालून आगगाडीने नदीकाठी जाणे आणि उघड्यावरच चित्र पुरे करणे सुकर झाले. ऊन थांबत नाही, म्हणून हातालाही थांबता येईना. रंग घोटीत बसण्याऐवजी शुद्ध रंगांचे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवले गेले, आणि त्यांचे मिश्रण करण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपविले गेले. आपण ग्रंथ नाकाशी धरून पाहिला असणार.

आप्पा : चष्म्याचा नाइलाज! पण कोल्हापुरात मोने थोडाच आहे?

गुरुजी : मोने नाही; आबालाल रहिमान आहे. पॅरिसला ते पहिले प्रदर्शन भरले त्या सुमारास कोल्हापुरात मेजर मँटच्या आराखड्याबरहुकूम टाऊन हॉल उभा राहत होता. आज त्याच इमारतीतील वस्तुसंग्रहालयात लोक ब्रह्मपुरीच्या उत्खननातील समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती पाहतात आणि आबालालच्या चित्रांवरून नुसती नजर फिरवून बाहेर पडतात, हा मला अन्याय वाटतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार १९३१ मध्ये वारला. रंकाळा, कोटितीर्थ हा त्याचा मुलूख. त्याला दृक्‌प्रत्ययवादी म्हणतात ते मला पुरते मान्य नाही, कारण पॅरिसकरांसारखा त्याचा कंपू नव्हता आणि त्याने कोणाविरुद्ध बंडही पुकारले नव्हते. परंतु पाण्यावरचा उजेड पकडण्याची त्याची चिकाटी मात्र त्याच जातीची.

आप्पा : मग पाहावे कसे?

गुरुजी : सगळी दालने पायाखाली घालू नका. आबालालची दोन-तीनच चित्रे निवडा. आधी दुरून, मग हातभर अंतरावरून आणि पुन्हा मागे सरून पाहा. चित्रातला प्रहर कोणता हे ठरविल्यावाचून खालची पाटी वाचू नका. आणि सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी संग्रहालय बंद असते.