व्यायाम करणाऱ्या स्त्रिया व जीवनसत्त्वांच्या गोळ्या

गतवर्षी आमच्या एका जुन्या, स्नेही देणगीदारांनी परिचारिका भगिनींसाठी 'क' व 'ई' जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची खोकी देऊ केली. परिचारिका पहाटे एकत्र चालावयास जातात, हे कानी आल्यावरून त्यांस ही कल्पना सुचली होती. विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही ती खोकी साभार परत केली. आलेले दान परत करणे व्यवस्थापकास जड जाते. म्हणून त्यामागील कारण येथे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

व्यायामात स्नायू अधिक प्राणवायू वापरतात आणि त्यासमवेत 'मुक्त कण' म्हणून ओळखली जाणारी क्रियाशील द्रव्ये तयार होतात. थकून जाईपर्यंत धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंत व यकृतात ती वाढलेली असल्याचे १९८२ साली अमेरिकेत दिसून आले. शरीराच्या संरक्षक शक्तीहून त्यांचा भार अधिक झाला, की त्यास ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. 'क' व 'ई' जीवनसत्त्वे हे कण निष्प्रभ करतात. तेव्हा गोळी घेतली की ताण गेला, असा सरळ हिशेब अनेकांनी मांडला.

परंतु हे कण केवळ उपद्रवी नाहीत. 'सामर्थ्य वाढवा' हा निरोप स्नायूंना देण्याचे कामही तेच करतात. २००९ साली जर्मनीत तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेण्यात आला. त्यांपैकी ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम 'क' व ४०० युनिट 'ई' दिले, त्यांच्यात इन्सुलिनच्या कार्यातील अपेक्षित सुधारणा झालीच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत ती झाली. म्हणजे पैसे देऊन व्यायामाचे फळ कमी करून घेण्यासारखेच!

आता स्त्रियांविषयी. आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमची नजर आधी आकड्यांवर जाते. व्यायामानंतरच्या स्नायूदुखीवर अशा पूरक द्रव्यांचा उपयोग होतो काय, याचा कॉक्रेन संस्थेने २०१७ साली ५० चाचण्यांवरून आढावा घेतला. उपयुक्त म्हणावी अशी घट दुखण्यात आढळली नाही. त्या चाचण्यांतील १०८९ व्यक्तींपैकी स्त्रिया होत्या अवघ्या १२८. बाटलीवर चित्र स्त्रीचे आणि चाचणी पुरुषाची, असा हा व्यवहार! स्त्रियांची मोठी चाचणी झाली ती व्यायामाची नव्हे, आरोग्याची. अमेरिकेतील ३९,८७६ स्त्रियांच्या त्या चाचणीत सुमारे दहा वर्षे दिवसाआड ६०० युनिट 'ई' देऊनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वा कर्करोग यांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

भारतीय स्त्रीस दिवसाला ६५ मिलिग्रॅम 'क' पुरेसे मानले आहे. ते एका पेरूत सहज मिळते. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी तर 'ई'ची मोठी मात्रा डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

चालताना दम लागतो, पाय गळतात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनींनी प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता.

ही हकीकत ऐकून देणगीदारांनी राग न धरता तेवढीच रक्कम परिचारिकांच्या रक्ततपासणीसाठी दिली. ती जमाखर्चात विशेष निधीखाली स्वतंत्र दाखविली आहे.