आजार बरा, अहवाल मात्र ‘पॉझिटिव्ह’ : यात्रेकरूंसाठी माहिती

व्याधीतून मुक्त झाल्यावर देवदर्शनाची ओढ लागणे स्वाभाविक आहे. अनेकांनी आजारपणात नवसही बोललेला असतो. कोविड-१९ च्या साथीत मात्र अशा भाविकांपुढे एक पेच उभा राहिला. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात बळ आले. तरी तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’च येत राहिला. २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यास येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल आवश्यक होता. अशा नियमामुळे बऱ्या झालेल्या भाविकाचीही वाट अडत असे.

असे का होते?
आरटी-पीसीआर तपासणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेते. त्याच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती करून ती तो ओळखते. परंतु तो अंश संसर्गक्षम विषाणूचा की निष्प्रभ अवशेषाचा, हे तिला सांगता येत नाही. असे अवशेष काही जणांच्या नाकाघशात कित्येक आठवडे आढळतात. सौम्य आजारात मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवसांनंतर संसर्गक्षम विषाणू सहसा सापडत नाही. तीव्र आजार झालेले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण याहून अधिक काळ संसर्ग देऊ शकतात. अँटिजेन तपासणी विषाणूची प्रथिने शोधते. ती पॉझिटिव्ह असल्यास संसर्गाची शक्यता अधिक समजावी.

नियम कसे बदलले?
भारत सरकारने मे २०२० मध्ये सौम्य रुग्णांना १० दिवसांनी, अखेरचे ३ दिवस ताप नसल्यास, फेरतपासणीविना घरी सोडण्याचे धोरण स्वीकारले. अमेरिकेने जानेवारी २०२१ पासून विमानप्रवाशांना निगेटिव्ह अहवालाऐवजी ९० दिवसांच्या आतील पॉझिटिव्ह अहवाल आणि बरे झाल्याचे डॉक्टरांचे पत्र दाखविण्याची मुभा दिली. ही अट जून २०२२ मध्ये उठविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे घोषित केले. आजार मात्र नाहीसा झालेला नाही.

भाविकांनी काय करावे?
• लक्षणे कधी सुरू झाली, ती तारीख लिहून ठेवावी.
• ताप किंवा खोकला असताना प्रवास टाळावा.
• तीव्र आजार झाला असल्यास डॉक्टरांच्या संमतीनेच निघावे.
• बरे झाल्यानंतरही काही दिवस गर्दीत मुखपट्टी वापरावी.
• थकवा असल्यास पायऱ्यांचा चढ व दीर्घ उपवास टाळावा.

दर्शनाच्या रांगेत वृद्ध, गर्भवती व रुग्णही उभे असतात. त्यांची काळजी घेणे ही देखील सेवाच होय. दर्शन चार दिवस लांबल्याने श्रद्धा उणी होत नाही.