सेलेनियम व जनावरांच्या पेशींचे रक्षण

नुकतेच जन्मलेले कोकरू नीट उभे राहत नाही, त्याचे पाय ताठरतात आणि थोड्याच दिवसांत ते दगावते. शवविच्छेदन केले असता त्याच्या मांडीचे स्नायू उकडलेल्या मांसासारखे फिकट आढळतात. यास श्वेत स्नायू रोग म्हणतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात संशोधकांनी गाभण मेंढ्यांच्या आहारात अत्यल्प सेलेनियम घालून कोकरांचा हा रोग टाळता येतो, असे १९५८ साली दाखवून दिले. तोपर्यंत पशुपालकांस हे मूलद्रव्य मुख्यतः विष म्हणूनच ठाऊक होते. इतक्या अल्प द्रव्याने एवढे कार्य कसे साधते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पेशीतील रक्षक

चुलीत लाकूड जळताना उष्णतेबरोबर धूरही निघतो. त्याचप्रमाणे पेशीत प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे ज्वलन होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी घातक द्रव्ये उत्पन्न होतात. उघडे राहिलेले तेल जसे खवट होते, तशी या द्रव्यांमुळे पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये बिघडतात. ही घातक द्रव्ये निरुपद्रवी करणारे एक विकर, म्हणजेच एंझाइम, पेशीत असते. त्यास ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज असे नाव आहे. या विकरात सेलेनियम असते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७३ साली सिद्ध झाले. जीवनसत्त्व ई स्निग्ध द्रव्यांचा बिघाड पसरू देत नाही, तर हे विकर उत्पन्न झालेली घातक द्रव्ये नष्ट करते. म्हणून ही दोन्ही एकमेकांस पूरक होत.

विकराची घडण

प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळीने बनतात. ती कोणत्या क्रमाने जोडावी याचा लेखी आदेश पेशीच्या केंद्रातून येतो. या लेखात ‘यूजीए’ ही तीन अक्षरे बहुधा पूर्णविराम दर्शवितात. तेथे साखळी संपते. परंतु सेलेनियमयुक्त विकराच्या आदेशात हीच अक्षरे मध्येच येतात. पत्राच्या शेवटी ताजा कलम लिहावा, तशी या आदेशाच्या शेवटी एक विशिष्ट खूण असते. ‘मधला पूर्णविराम हा विराम नव्हे, तेथे सेलेनोसिस्टीन जोडावे,’ असा तिचा अर्थ. सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्ल. ते आयते वापरले जात नाही; सेरीन नावाच्या अमिनो आम्लापासून, त्यास वाहून नेणाऱ्या रेणूवरच, ते नव्याने घडविले जाते.

आहारात सेलेनियम अपुरे असल्यास हे घडविणे थांबते. मग मधला पूर्णविराम खराच विराम ठरतो, साखळी अर्धवट तुटते व विकर तयार होत नाही. सतत श्रम करणारे स्नायू व हृदय यांस त्याची झळ विशेष पोहोचते.

हिरवा चारा फसवू शकतो

उच्च वर्गातील वनस्पतींस सेलेनियमची आवश्यकता नसते. त्यामुळे जमिनीत ते कमी असले तरी पीक जोमदार दिसते. पिकाच्या रंगावरून जनावरास सेलेनियम मिळते की नाही, याचा अंदाज बांधू नये.

प्रमाण सांभाळावे

दुभत्या गाईस शुष्क आहाराच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम पुरेसे होते. दररोज १० किलोग्रॅम शुष्क आहार खाणाऱ्या गाईस ३ मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम जवळजवळ अकरा महिने पुरेल. हेच प्रमाण किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिल्यास विषबाधा होते. केस गळतात, खूर तडकतात. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत काही जमिनींत सेलेनियम अधिक असल्याने तेथील जनावरांत अशी लक्षणे आढळली आहेत.

पशुपालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. वासरू ताठरल्यास किंवा अकस्मात दगावल्यास पशुवैद्यास त्वरित कळवावे.

२. गाईची जार अडकण्यामागे सेलेनियमची उणीव हे एक कारण असू शकते; मात्र इतर कारणेही असतात. म्हणून तपासणी करून घ्यावी.

३. खनिज मिश्रण वेष्टनावरील प्रमाणानुसारच द्यावे. त्यात आधीच सेलेनियम असल्यास वेगळे देऊ नये.

४. सेलेनियमचे इंजेक्शन पशुवैद्याच्या सल्ल्याविना कधीही टोचू नये.

उणीव व अतिरेक यांतील अंतर येथे फार थोडे आहे. ते ओळखून आहार दिल्यास अनेक वासरे व कोकरे वाचतील.